जुनी नाणी ऑनलाइन घेताना आणि विकताना: खिसा शाबूत ठेवायचा असेल तर

दिवाळीच्या आधी आत्याचा फोन आला. "अरे, माझ्याकडं ती ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आहे. सात लाख मिळतात म्हणे. बघ ना कुणाला विचारून."

"आत्या, त्या नोटेचे पाच रुपये मिळतील. अगदी कोरी असली तर एखादा हौशी माणूस वर थोडेफार देईल."

"तुला यातलं काही कळत नाही," म्हणून तिनं फोन ठेवला.

चार दिवसांनी परत फोन, या वेळी आवाज पडलेला. कुणा 'साहेबां'नी रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं ओळखपत्र पाठवलं होतं. नोट घ्यायला ते तयार होते, फक्त नोंदणीचे साडेअकराशे आधी भरायचे होते. ते आत्यानं भरले. मग 'जीएसटी'चे चार हजार आठशे मागितले, तेव्हा कुठं तिला माझी आठवण झाली.

मी पंधरा-सोळा वर्षं नाणी गोळा करतो, थोडी विकतोही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी उकिडवं बसून पथारीवरची नाणी चाळण्यात जी मजा आहे ती मोबाइलवर नाही. पण माल आता मोबाइलवर आहे, त्यामुळं तिथं जाणं भाग आहे. या सगळ्या वर्षांत माझा भरवसा एकाच कसोटीवर बसला: समोरच्याकडं अशी गोष्ट मागायची, जी प्रामाणिक माणसाला दोन मिनिटांचं काम असते आणि लबाडाला जमतच नाही. खालच्या बहुतेक पायऱ्या म्हणजे हीच कसोटी, वेगवेगळ्या जागी लावलेली.

पहिली पायरी: भाव कुठला खरा ते शोधा

ऑनलाइन जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. मागायला काय, कुणीही काहीही मागतं. २०१२ साली निघालेलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं कुणी दहा लाखांना लावलं, म्हणून ते तेवढ्याला विकलं गेलं असं होत नाही. आपल्याला हवा असतो विकला गेलेला भाव. तो दोन ठिकाणी सापडतो. एक, नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था लिलावानंतर निकाल जाहीर करतात, त्यात. दोन, संग्राहकांच्या गटांत चालणाऱ्या छोट्या लिलावांत. तिथं महिनाभर काही न बोलता नुसतं बघत बसायचं, बोली कुठं थांबते ते वहीत टिपायचं. मी सुरुवातीला हे केलं नाही, आणि शंभर-दीडशेच्या नाण्याला सहाशे मोजून आलो.

जुनं म्हणजे महाग, हा दुसरा गैरसमज. राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. दीडशे वर्षांहून जुना, पण टाकसाळीनं पुढं १८७४ पर्यंत त्याच सालाचा ठसा चालवला, म्हणून तो ढिगानं मिळतो. कंपनी सरकारच्या १८४० च्या रुपयाचंही तेच, त्यावरचं सालही पुढं वर्षानुवर्षं तसंच राहिलं. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया तुलनेनं परवाचा, पण दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकला सगळ्यात जास्त, आणि दुसऱ्या सालाच्या नाण्यावर शेवटचा आकडा कोरून '३९' केलेलेही फिरतात. १९३९ कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडायचे आणि पुढं जायचं.

चांदीच्या रुपयाला एक तळ असतो, तो पाठ करून ठेवा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. हिशेब केला तर १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदीचं प्रमाण ५० टक्क्यांवर आलं, म्हणजे ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी शून्य, तरी 'आजोबांच्या काळचा चांदीचा रुपया' म्हणून तो विकायला येतोच. त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं गुणलं की मोडीची किंमत निघते. तिच्यापेक्षाही कमी दरात कुणी रुपया देत असेल, तर तो दानशूर नाही. त्याच्याकडं चांदीच नाही.

दुसरी पायरी: फोटो मागा, पण नीट मागा

सर्वांत जास्त मनस्ताप इथं होतो. जाहिरातीतला फोटो भलत्याच्याच नाण्याचा असतो. कुठल्या तरी लिलावाच्या सूचीतून उचललेला. आधी तो गूगल लेन्समध्ये (तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठं आहे ते शोधणारी सोय) टाकून बघा, निम्मे भामटे तिथंच गळतात.

मग विक्रेत्याला हे मागायचं: नाण्याशेजारी चिठ्ठी ठेवून, त्यावर आजची तारीख आणि त्याचं नाव हातानं लिहून, एक फोटो. दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता. कडेचा फोटो. वजनकाट्यावर ठेवलेला फोटो. आणि बोटांत धरून हळूहळू तिरकं करत काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ. यातलं 'कडेचा फोटो' ऐकल्यावर किती जणांचा मोबाइल बिघडतो, ते बघण्यासारखं असतं. "सर, माल गावाकडं आहे." "सर, एवढा टाइम नाही, घ्यायचं तर घ्या." नाही घ्यायचं.

कडेचाच एवढा हट्ट का, ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मी चौथ्या विल्यमचा १८३५ चा रुपया घेतला. फोटोत देखणा, राजाचे केससुद्धा मोजता येतील असे. घरी आला तेव्हा डोक्याच्या बरोबर वर कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा खडबडीत डाग. कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यातल्या रुपयांच्या माळेत होता तो. कडी झाळलेली, पुढं कुणीतरी ती काढून कानस मारली, आणि वर पॉलिश. असं नाणं संग्राहकाच्या लेखी मोडीच्या जवळपास. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, जुन्या वस्तूला तेवढं चालायचंच." फोटोत ती जागा कडेच्या सावलीत गेली होती, आणि मी कडेचा फोटो मागितला नव्हता. पुढं काय बोलणार?

चमकणारं नाणं बघून भुलू नका. आपल्याकडं देव्हाऱ्यातलं तांब्या-पितळेचं लखलखीत ठेवायची सवय, ती लोक नाण्यांवरही चालवतात. चिंच-मीठ, लिंबू, राख, दात घासायची पेस्ट. घासलेल्या नाण्यावर भिंग धरलं तर बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि अक्षरांच्या खाचांत मात्र काळं तसंच उरलेलं असतं. वर्षानुवर्षं साचलेला सावळा थर संग्राहकांना हवा असतो, तो एकदा गेला की परत आणता येत नाही. विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: नाणं विकायच्या आधी धुऊ नका. पुसूसुद्धा नका.

फोटोत काय बघायचं हे प्रत्येक नाण्यागणिक वेगळं असतं. एक उदाहरण देतो. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावर छोटा हत्ती आहे, त्याची सोंड एवढी आखूड निघाली की तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागं घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. आता कुणी १९११ विकत असेल तर सालाकडं नंतर बघा, आधी हत्तीवर भिंग धरा. सोंड नीट लांब दिसली तर सालाच्या आकड्याशी कुणीतरी खेळलंय.

शिवराईच्या बाबतीत नेमकं उलटं शहाणपण लागतं. शिवकालीन शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही नाणी हातोड्यानं ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळं सगळी अक्षरं एकाच नाण्यावर पूर्ण उतरणं अवघड. कुठं 'श्री'चा वरचा भाग चकतीबाहेर गेलेला, कुठं बिंदूंची माळ अर्धीच. त्यामुळं गोल गरगरीत, मधोमध ठसा आणि एकूण एक अक्षर ठळक अशी 'शिवराई' दिसली की मला आधी शंका येते. ओतीव नकलेवर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि कडेवर साच्याच्या दोन भागांची रेघ सापडते. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाबद्दल तर बोलायलाच नको. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ, आणि विकायला मात्र दर आठवड्याला एक येतो.

राम दरबार किंवा मारुती असलेली आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' लिहिलेली ती तांब्याची चकती? ते चलनी नाणंच नव्हे. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याची जाहिरात दिसली तर ते संभाषण तिथंच बंद करा, ती नाण्यांची बाजारपेठ नाही, लुटारूंची टोळी आहे.

तिसरी पायरी: पैसे

अनोळखी विक्रेत्याशी पहिला व्यवहार पाचशे रुपयांच्या आतला करा. तो नीट पार पडला तर दुसरा. त्याचा नंबर गटात टाकून 'यांच्याशी कुणी व्यवहार केलाय का' असं सरळ विचारा. खरा विक्रेता यावर रागावत नाही.

आणि एक गोष्ट आत्याला मी तीनदा सांगितली, इथंही सांगतो. पैसे *मिळवायला* पिन टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. 'स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात येतील' असं जो म्हणतो तो तुमच्या खात्यातून काढतोय. हा प्रकार खास विकणाऱ्यांवर होतो. फोनवरचा माणूस स्वतःला लष्करातला म्हणवतो, घासाघीस अजिबात करत नाही, मागाल ती किंमत कबूल करतो. नाण्यांच्या धंद्यात घासाघीस न करणारा गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेला नाही.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, त्यासाठी बँक कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. बँकेचं नाव घेऊन फोन आला की उत्तर तयार आहे.

चौथी पायरी: पार्सल हातात आल्यावरचा अर्धा तास

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा. सील न फोडता चारी बाजू दाखवायच्या, पत्त्याची चिठ्ठी दाखवायची, मग एकसलग, मध्ये न थांबता, नाणं बाहेर येईपर्यंत. मध्येच थांबवलेल्या व्हिडिओला तक्रारीत कुणी विचारत नाही.

मग तपासणी. ग्रॅमच्या पुढं दोन दशांश स्थळं (०.०१ ग्रॅमपर्यंत) दाखवणारा खिशातला काटा चारपाचशे रुपयांत मिळतो, तो नाण्यांआधी घ्या. आधी वजन. झिजलेला रुपया ११.४-११.५ भरला तर चालतं, १०.८ भरला तर नाही. चुंबक लावा, चांदी चिकटत नाही. अर्थात तांबं आणि पितळही चिकटत नाही, म्हणून चुंबकावर थांबू नका.

पुढची युक्ती सराफाकडं न जाता घरी करण्यासारखी. पेल्यात पाणी घालून पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात लोंबतं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काट्यावर १.१३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे भागाकार १०.३ च्या जवळ. तांबं-निकेलची नक्कल असेल तर १.३१ च्या आसपास, भागाकार ८.९. फरक एवढा ठळक आहे की हात थोडा हलला तरी चुकणार नाही. नाण्याला बुडबुडा चिकटला असेल तर बोटानं उडवा आणि परत मोजा. नंतर नाणं घासू नका, मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपून घ्या.

जुने लोक फरशीवर वाजवून बघायचे. चांदी खणखणीत वाजते, नक्कल बद्द. पण चांगल्या नाण्याची कड त्यात दबते, म्हणून बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. तेवढं पुरतं.

काही खटकलं तर त्याच दिवशी, लेखी, फोटोसकट कळवा. आठवड्यानं कळवलंत तर समोरचा म्हणणार, नाणं तुम्हीच बदललंत. आणि तसं करणारे गिऱ्हाईकही असतात, म्हणून त्याचं चूक नसतं.

पाचवी पायरी: विकणाऱ्याची बाजू

विकायला बसलं की घेणाऱ्यांचा खरा स्वभाव कळतो. "अवेलेबल?" विचारून गायब होणारे. "लास्ट बोला" म्हणणारे, शेवटचा भाव सांगितला की "अजून कमी" म्हणणारे. दहा फोटो मागवून, तासभर इतिहास विचारून, शेवटी "मी फक्त माहितीसाठी विचारलं" म्हणणारे. याला इलाज असा नाही, पण जाहिरातच इतकी पूर्ण लिहावी की निम्मे प्रश्न उरत नाहीत: वजन, साल, टाकसाळ, दोष, पोस्टखर्च, परत घेणार की नाही. दोष आधी सांगितला की भाव पडतो असं नवख्यांना वाटतं. माझा अनुभव असा की 'बारा वाजताच्या जागी कडेला टोचा आहे' असं लिहिलेलं नाणं लवकर विकलं जातं आणि परत येत नाही.

नाणं बदलून परत पाठवणारा गिऱ्हाईक हा विक्रेत्याचा सगळ्यात मोठा ताप. तुमचं चांगलं ठेवतो, स्वतःचं झिजकं धाडतो. त्यासाठी पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काढून ठेवा. प्रत्येक जुन्या नाण्यावर आपापले ओरखडे असतात, ते बोटांच्या ठशांसारखे जुळवता येतात. वजन दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवा.

पाठवताना नाणं मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, कालांतरानं त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा, ती दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीनं घट्ट बसवा, हलवून खुळखुळतंय का ऐका. खुळखुळणारं पाकीट वाटेत फुटतं, नाहीतर फोडलं जातं. पाकिटावर 'नाणी' असं कधीही लिहायचं नाही. आणि कुरिअरच्या अटी वाचा: बऱ्याच कंपन्या चलन आणि मौल्यवान धातू घेत नाहीत, म्हणजे पाकीट हरवलं तर भरपाईही नाही. महागाचं असेल तर टपाल कार्यालयात जाऊन विमा उतरवून पाठवावं, चाळीस-पन्नास रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

सहावी पायरी: कायद्याच्या तीन जागा

शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीतला मराठी माणूस कितीही प्रेमानं शिवराई मागू दे, पाकीट इथून जाणार नाही. 'गिफ्ट' लिहिलं तरी नाही.

शेतात, पाया खणताना सापडलेला साठा विकायला काढू नका. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतात सापडलेली' असं सांगून कुणी हंडा विकत असेल, तर एकतर माल खोटा आहे किंवा व्यवहार.

बंद झालेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा: २०१७ च्या कायद्यानुसार कुणालाही दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, संग्रह किंवा अभ्यासासाठी असतील तर पंचवीस. जास्त सापडल्या तर दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला मोठा आकडा दंड म्हणून होऊ शकतो. 'हजाराचं कोरं बंडल, सीरियल नंबर ओळीनं' अशी जाहिरात दिसली की त्या शंभर नोटांचा हिशेब तुम्हीच करा.

फसलातच, तर

पैसे ऑनलाइन उकळले गेले असतील तर पहिलं काम १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

माल खोटा किंवा वेगळा निघाला आणि विक्रेता दुकानदार असेल, नियमित धंदा करणारा असेल, तर ग्राहक कायदा तुमच्या बाजूनं आहे. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवाडा करायचा असतो. नाही केला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण एखाद्या माणसानं घरातलं एखादं नाणं सहज विकलं असेल, तर ई-कॉमर्सचे हे नियम त्याला लागत नाहीत. म्हणूनच हौशी माणसाकडून घेताना दुसरी पायरी दुप्पट कडक.

आत्याला मी त्याच संध्याकाळी १९३० लावून दिला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पण पैसे भरून तोवर चार दिवस झाले होते. साडेअकराशे अजून आलेले नाहीत. ट्रॅक्टरची नोट तिनं देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलीय, आणि मी गेलो की ती डबी माझ्यापासून जरा लांब सरकवते.